जुन्या झेनसाठी शॉकअब्सॉर्बर: कोणते घ्यावेत, किती बदलावेत?

कृष्णाकाठ (सातारा)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००३ सालची मारुती झेन एलएक्सआय आहे. पंधरा वर्षांची नोंदणी संपल्यावर २०१८ साली आणि नंतर २०२३ साली आरटीओमध्ये तपासणी करून नूतनीकरण घेतले आहे, त्यामुळे गाडी २०२८ पर्यंत तरी वापरात राहणार. सव्वा लाख किलोमीटरच्या पुढे चालली असली तरी इंजिन आणि गिअरबॉक्स उत्तम आहेत, पत्राही शाबूत आहे. प्रश्न सस्पेन्शनचा आहे.

महामार्गावर पुलाचे सांधे लागले की गाडी एकदा उसळून थांबत नाही, दोन-तीन वेळा डोलते. खंबाटकीच्या वळणांवर मागची बाजू उशिराने सावरते. ब्रेक जोरात दाबला की नाक खाली जाते, आणि गल्लीतल्या खडबडीत रस्त्यावर सावकाश जाताना उजव्या पुढच्या चाकाकडून खडखड ऐकू येते. नेहमीच्या मिस्त्रींनी गाडीचे कोपरे दाबून पाहिले आणि चारही शॉकअप बदला असे सांगितले.

माझ्यापुढे चार पर्याय आहेत: मारुतीच्या डब्यातला माल, गॅब्रिएल या शॉकअप बनवणाऱ्या कंपनीचा माल, एखाद्या परदेशी कंपनीचे गॅसचे शॉकअप, किंवा जुनेच उघडून तेल भरून देणाऱ्या कारागिराकडे देणे. माझा कल पहिल्या दोन पर्यायांकडे आहे. मूळ गाडीला जे शोभत होते तेच आजही शोभेल, असे मला वाटते. तरीही ज्यांनी हे काम केले आहे किंवा करवून घेतले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

घाटवाट

ज्या बाजूने आवाज येतो तेवढाच बदला. चारही बदलण्याचा सल्ला गॅरेजवाले सगळ्यांनाच देतात.

पानापकड (कोल्हापूर)

घाटवाट, एकच बदलण्याचा सल्ला मला पटत नाही. त्याचे कारण पुढे लिहितो, पण आधी मूळ प्रश्नाकडे वळू. कृष्णाकाठ, तुम्ही दोन वेगवेगळ्या तक्रारी एकत्र सांगितल्या आहेत आणि त्यांची कारणे वेगळी असण्याची शक्यता मोठी आहे.

गाडी डोलणे, उशिरा सावरणे आणि नाक खाली जाणे या शॉकअप थकल्याच्या खुणा आहेत. सावकाश जातानाची खडखड मात्र बहुतेक वेळा शॉकअपची नसते. ती वरच्या माउंटिंगच्या (शॉकअपचे डोके गाडीच्या पत्र्याला धरणाऱ्या भागाच्या) फाटलेल्या रबराची, लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बुशची म्हणजे सांध्यातल्या रबराची, बॉल जॉइंटची किंवा जंपिंग रॉडच्या (गाडीचे कलणे आवरणाऱ्या दांड्याच्या) बुशची असू शकते. यांतले काही न पाहता चार शॉकअप बसवले तर खर्च होईल आणि खडखड तशीच राहील, मग दोष नव्या मालाला दिला जाईल. बॉनेट उघडून एका माणसाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवायला सांगा आणि स्ट्रटच्या (पुढचा शॉकअप आणि स्प्रिंग यांच्या एकत्र जोडणीच्या) डोक्यावर हात ठेवा. स्प्रिंग झटक्याने सुटल्यासारखा धक्का हाताला लागला तर माउंटिंगचे बेअरिंग गेले आहे असे समजावे. नंतर गाडी जॅकवर घेऊन टॉमीने (लोखंडी तरफेने) लोअर आर्म हलवून पाहा.

कोपरा दाबून सोडण्याची चाचणी फक्त पूर्ण निकामी झालेला शॉकअप दाखवते. अर्धा थकलेला शॉकअप या चाचणीत सहज उत्तीर्ण होतो, कारण हाताने दिलेली हालचाल फार मंद असते आणि जुन्या बुशचे घर्षणही गाडीला लवकर थांबवते. टायर याहून अधिक खरे सांगतो. तळहात टायरच्या नक्षीवरून गोल फिरवा. ठरावीक अंतराने चढ-उतार लागत असतील तर ते चाक रस्त्यावर टेकून न राहता उड्या मारत चालले आहे. अशी झीज चाकाचे बॅलन्सिंग बिघडल्यामुळेही होते, म्हणून तेही तपासून घ्यावे.

तिसरी गोष्ट तेलाची. डस्ट कव्हर वर सरकवून शॉकअपचा नळा कापडाने कोरडा पुसा आणि आठवडाभर गाडी चालवून पुन्हा पाहा. सीलपाशी नुसता ओलसर, धूळ धरलेला थर असेल तर तो चालून जातो, कारण सरकणाऱ्या दांड्याला तेलाचा पातळ थर लागतोच. नळ्यावरून ओघळ खाली आलेले दिसले तर मात्र तो शॉकअप संपला.

आता जोडीबद्दल. एकाच आसावर एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला लाखभर किलोमीटर चाललेला शॉकअप असेल तर वळणावर ब्रेक लावताना दोन्ही चाके वेगवेगळी वागतात. म्हणून पुढचे दोन एकत्र, मागचे दोन एकत्र. चारही एकदम बदलायलाच हवेत असे नाही, पण तुमच्या गाडीत मागचेही मूळचेच असतील तर त्यांचे वय झाले आहे.

यंत्रमित्र (पुणे)

पानापकड यांनी निदानाबद्दल उत्तम लिहिले आहे, त्यात भर घालत नाही. मी निवडीबद्दल लिहितो, कारण गॅसचा शॉकअप म्हणजे कडक आणि तेलाचा म्हणजे मऊ हा समज इतका पसरला आहे की दुकानदारही तो बोलून दाखवतात.

गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. शॉकअपचे काम स्प्रिंगची हालचाल आवरण्याचे आहे. नळ्यातला पिस्टन तेलातून वर-खाली होतो, तेलाला झडपांच्या बारीक वाटांतून जावे लागते, आणि उसळीतली शक्ती उष्णतेत बदलते. खडबडीत रस्त्यावरून बराच वेळ गेल्यावर शॉकअप गरम लागतो तो याच कारणाने. शॉकअप मऊ लागेल की कडक हे या झडपांच्या मांडणीवर ठरते. बाहेर येताना किती विरोध करायचा आणि आत जाताना किती, हे गाडीचे वजन आणि स्प्रिंगची ताकद पाहून बनवणारा ठरवतो, आणि बहुतेक प्रवासी गाड्यांत बाहेर येतानाचा विरोध जास्त ठेवलेला असतो.

गॅसचा संबंध फेसाशी आहे. साध्या दुहेरी नळ्याच्या शॉकअपमध्ये तेलावर हवा असते. सलग खड्डे लागले की हवा तेलात मिसळून फेस होतो आणि फेस झालेले तेल झडपांतून सहज निसटते, म्हणजे जिथे शॉकअपची सर्वांत जास्त गरज असते तिथेच तो ढिला पडतो. हवेऐवजी कमी दाबाचा नायट्रोजन भरला की फेस होण्याचे प्रमाण बरेच घटते. त्या दाबामुळे दांडा बाहेरच्या बाजूला किंचित ढकलला जातो, गाडी काही मिलिमीटर वर येऊ शकते, पण एवढ्याने ती कडक होत नाही. एकेरी नळ्याचा, जास्त दाबाच्या गॅसचा शॉकअप ही वेगळी जात आहे. त्यात तरंगता पिस्टन गॅस आणि तेल पूर्ण वेगळे ठेवतो, उष्णता लवकर बाहेर जाते आणि जोरात चालवणाऱ्यांना तो आवडतो. परंतु त्याच्या नळ्याला बाहेरून दगडाचा पोचा बसला तर पिस्टन अडकू शकतो, कारण तोच नळा पिस्टनची भिंत असतो.

झेनचे वजन आठशे किलोंपेक्षाही कमी आहे. इतक्या हलक्या गाडीला जास्त विरोधाचे शॉकअप लावले तर चाक खड्ड्यात उतरायला उशीर करते आणि प्रत्येक लहान धक्का थेट आसनापर्यंत येतो. म्हणून माझे मत तुमच्यासारखेच आहे: मूळ मोजमापाचा, दुहेरी नळ्याचा शॉकअप घ्यावा, आणि त्याच मोजमापात कमी दाबाच्या गॅसचा मिळत असेल तर तो घ्यावा. 'स्पोर्ट' असे लिहिलेला माल या गाडीला, या रस्त्यांवर नको.

गाडीची उंचीही मोजून घ्या. सपाट जागी, रिकाम्या गाडीत, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजा. एका बाजूला ठळक फरक असेल तर ती स्प्रिंग बसली आहे किंवा तिचा शेवटचा वेढा तुटला आहे, आणि हा दोष कोणताही नवा शॉकअप भरून काढू शकत नाही.

बंदरकिनारा (रत्नागिरी)

आमच्याकडे खाऱ्या हवेने नटबोल्ट असे धरतात की शॉकअप बदलण्याचे अर्धे काम म्हणजे ते सोडवणे. स्ट्रट आणि नकल (चाक ज्यावर बसते तो भाग) यांना जोडणारे दोन बोल्ट, तसेच मागच्या शॉकअपचा खालचा बोल्ट, यांवर आदल्या दिवशी संध्याकाळी गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी तारेच्या ब्रशने आटे साफ करूनच पाना लावावा. नवे बोल्ट हाताशी ठेवावेत. किनाऱ्यावरच्या गाडीत स्प्रिंग बसते ती खालची थाळीही पाहावी; तिथे माती आणि पाणी साठून पत्रा आतून खाल्ला जातो आणि बाहेरून रंग ठीक दिसतो.

जुने उघडून तेल भरून घेण्याबद्दल शेजारच्या घरातला अनुभव सांगते. त्यांनी एका मोठ्या शहरातल्या कारागिराकडून चारही शॉकअप तसे करून आणले. काळ्या रंगात ते नव्यासारखे दिसत होते आणि सुरुवातीला गाडी घट्टही वाटली. पहिला पावसाळा सरेपर्यंत दोघांनी तेल सोडले. गाडी कडक का लागत होती, हे ते उघडल्यावर कळले: आत मूळच्यापेक्षा जाड तेल भरलेले होते आणि झडपा झिजलेल्याच होत्या.

यंत्रमित्र (पुणे)

बंदरकिनारा, अगदी योग्य निरीक्षण आहे. सीलबंद नळा कापून पुन्हा वेल्डिंग करताना आत धातूचे कण राहतात, दांड्यावरचा क्रोम झिजलेला असतो आणि त्यावर नवे सील फार काळ टिकत नाही. मुळातच खोलून दुरुस्त करण्यासाठी बनवलेले महागडे शॉकअप असतात, त्यांची गोष्ट निराळी. आपल्या लहान गाड्यांचे शॉकअप तसे नसतात.

ऱ्हाइनकाठी (मानहाइम, जर्मनी)

इथे गाडीची सक्तीची तांत्रिक तपासणी पहिल्यांदा तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी होते. शॉकअपमधून तेल गळताना दिसले तर तो दोष म्हणून नोंदवला जातो आणि ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करावा लागतो, त्यामुळे इथले लोक याकडे आरामाचा विषय म्हणून न पाहता ब्रेक आणि टायरच्या पंक्तीत बसवून पाहतात. थकलेल्या शॉकअपमुळे उंचसखल रस्त्यावर चाक क्षणभर हलके होते, तेवढा वेळ त्या टायरची पकड घटते आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागते. काही ठिकाणी चाक हलत्या पाटीवर उभे करून ते पाटीला किती चिकटून राहते हेही मोजून मिळते.

एक माहिती तुमच्या कामाची आहे. तुमची झेन युरोपात 'सुझुकी आल्टो' या नावाने विकली जात असे आणि ती भारतातूनच बनून येत असे. म्हणून इथल्या सुट्या भागांच्या याद्यांत झेनचे शॉकअप शोधायचे तर नव्वदच्या दशकातल्या आल्टोखाली शोधावे लागतात. कोणी नातेवाईक परदेशातून आणणार असेल तर हे लक्षात ठेवावे. मात्र भारतात २००० साली आलेली मारुती आल्टो ही वेगळी गाडी आहे. नाव पाहून मागवले तर चुकीचा माल हाती येईल. माझ्या मते तुमच्याकडे चांगला माल मिळत असताना एवढा खटाटोप करण्याची गरज नाही.

पेठेतला (सांगली)

माझे सुट्या भागांचे दुकान आहे, त्यामुळे गल्ल्याच्या आतल्या बाजूने लिहितो.

काउंटरवर येऊन नुसते 'झेनचे शॉकअप' मागू नका. २००६ च्या शेवटी झेन एस्टिलो आली, ती वॅगन-आरच्या सांगाड्यावरची गाडी आहे आणि जुन्या झेनशी तिचे नावापलीकडे नाते नाही. नवीन मुलगा काउंटरवर असेल तर तो एस्टिलोचा डबा काढून देतो. शिवाय १९९८ पासून झेन डिझेलमध्येही मिळत होती. तिच्यात प्यूजोचे १५२७ सीसीचे इंजिन होते, पुढचे वजन पेट्रोल झेनपेक्षा जास्त होते. म्हणून गाडीचे साल, पेट्रोल की डिझेल आणि शक्य असेल तर चेसिस क्रमांक सांगा. पुढच्या स्ट्रटमध्ये डावा-उजवा असा फरक असतो, ब्रेकच्या नळीची पकड ज्या बाजूला असते तिच्यावरून तो ओळखता येतो. दोन डबे घेतलेत तर एकावर डावा आणि एकावर उजवा लिहिले आहे ना, हे दुकानातच पाहा.

कृष्णाकाठ यांच्या पहिल्या दोन पर्यायांबद्दल. गॅब्रिएल इंडिया ही आनंद समूहातली कंपनी १९६१ पासून आपल्याकडे शॉकअप बनवते, चाकणला तिचा कारखाना आहे आणि मारुतीला ती माल पुरवत आली आहे. गाडीची कंपनी शॉकअप स्वतः बनवत नाही, पुरवठादाराकडून आपल्या मोजमापाप्रमाणे करून घेते. तेव्हा कंपनीच्या डब्यातला आणि पुरवठादाराच्या स्वतःच्या डब्यातला माल यांत जमीन-अस्मानाचा फरक असेल असे मानू नका. ज्याचा ताजा साठा आणि पक्के बिल मिळेल तो घ्या.

जुन्या गाड्यांच्या मालात नकली डबे फार असतात, हे मात्र खेदाने सांगावे लागते. छापील किमतीवर अवाजवी सूट, डब्यावरची धूसर छपाई, खरवडलेला किंवा नसलेला होलोग्राम, नळ्यावर कोरलेला क्रमांक आणि डब्यावरचा क्रमांक यांत फरक, यांपैकी काही दिसले तर माल परत करा. बिलाशिवाय दिलेल्या मालाची हमी कोणीच घेत नाही.

घाटवाट

पेठेतला, एक शंका आहे. जुन्या मॉडेलचा माल दुकानात वर्षानुवर्षे पडून असतो. तो न वापरताच खराब होतो का?

पेठेतला (सांगली)

चांगला प्रश्न आहे. कोरड्या जागी ठेवलेला शॉकअप सहसा खराब होत नाही, पण रबरी बुश कडक होतात. डब्यावरचा बनवल्याचा महिना आणि साल पाहा. माउंटिंगचे रबर अंगठ्याच्या नखाने दाबले असता खूण उमटून परत भरून आली पाहिजे. बारीक तडे दिसत असतील तर घेऊ नका.

स्वरूपा_ना (नाशिक)

मला या चर्चेत थोडे वेगळे म्हणायचे आहे. आमच्या घरात दोन वृद्ध माणसे आहेत आणि त्यांना दर महिन्याला तपासणीसाठी न्यावे लागते. मूळ मोजमापाचे शॉकअप बसवूनही पाच माणसे बसली की आमच्या २००४ सालच्या झेनचा मागचा भाग गतिरोधकावर खाली टेकतो. गॅरेजमध्ये मागच्या स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर घालायला सुचवले आहे. मूळ मोजमाप कारखान्याच्या दृष्टीने योग्य असेल, पण गाडी भरून वापरणाऱ्याने काय करावे?

यंत्रमित्र (पुणे)

स्वरूपाताई, बफरबद्दल सावध राहा, असे मी म्हणेन. वेढ्यांमध्ये रबर अडकवले की तेवढे वेढे काम करायचे थांबतात आणि उरलेल्या वेढ्यांवर सगळा ताण येतो. स्प्रिंगची चाल कमी होते, गाडी उंच दिसते, पण खड्ड्यात धक्का अधिक बसतो, आणि तुमच्या घरातल्या वृद्धांना नेमका हाच धक्का टाळायचा आहे. तुमच्या गाडीत मागच्या स्प्रिंग वीस वर्षांच्या आहेत. त्या बसल्या असण्याची शक्यता सर्वांत मोठी आहे. मागच्या दोन्ही स्प्रिंग मूळ मोजमापाच्या नव्या घाला आणि बंप स्टॉप (शेवटचा दणका झेलणारा ठोकळा) पाहा. त्याचा फोम इतक्या वर्षांत भुगा होऊन पडलेला असतो, मग आस थेट चौकटीवर आदळतो.

गतिरोधकांचीही बाजू आहेच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. तो चाकाखालून हळूवार सरकतो. आपल्या वस्त्यांमध्ये वीतभर रुंदीचे जे उंचवटे घातलेले असतात ते या मोजमापात कुठेच बसत नाहीत, आणि त्यांच्यावर कोणत्याही कंपनीचा शॉकअप पूर्ण समाधान देऊ शकणार नाही.

पद्मिनीप्रेमी (मुंबई)

माझ्या प्रीमियर पद्मिनीला पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाट्यांची कमान आहे. कमानीच्या गाडीत पाट्या एकमेकींवर घासतात आणि ते घर्षणच उसळी काही प्रमाणात आवरते. त्यामुळे मागचे शॉकअप थकले तरी ते लवकर लक्षात येत नाही. झेनच्या चारही चाकांवर कॉइल स्प्रिंग आहे. कॉइलमध्ये असे घर्षण जवळपास नसते, सगळा भार शॉकअपवर पडतो, म्हणून या गाड्यांत दुर्लक्ष लवकर महागात पडते. कृष्णाकाठ, मागच्या जोडीकडेही तेवढ्याच काळजीने पाहा.

पानापकड (कोल्हापूर)

निवडीबद्दल बहुतेक सर्व लिहून झाले आहे, पण बसवण्याबद्दल कोणी लिहिले नाही. चांगला शॉकअप वाईट रीतीने बसवला तर तो वर्षभरही नीट चालत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. मिस्त्रींपाशी उभे राहून पुढील गोष्टींकडे लक्ष द्या.

नवा शॉकअप दुकानात आणि वाहतुकीत आडवा पडलेला असतो, त्यामुळे दुहेरी नळ्याच्या शॉकअपमध्ये हवा किंवा गॅस आतल्या नळ्यात शिरलेला असतो. बसवण्यापूर्वी तो जसा गाडीत उभा राहणार तसा धरून दांडा सावकाश पूर्ण आत दाबावा आणि पूर्ण बाहेर ओढावा, असे चार-पाच वेळा करावे. सुरुवातीला हाताला मध्येच एक पोकळ जागा लागते, तिथे दांडा विरोधाशिवाय निसटतो. ती नाहीशी होऊन सगळीकडे सारखा विरोध लागू लागला की शॉकअप तयार झाला. तसाच उभा ठेवून लगेच बसवावा. हेच जुन्या शॉकअपवर करून पाहा. पुन्हा पुन्हा दाबूनही पोकळ जागा राहत असेल तर तो संपला होता याची खात्री पटते.

दांड्याचा क्रोम असलेला भाग पक्कडीने कधीही धरू देऊ नका. नट आवळताना दांडा गोल फिरतो म्हणून तो पक्कडीत धरण्याची सवय अनेकांना असते. त्या पक्कडीच्या दातांचे ओरखडे पुढच्या प्रत्येक उसळीला सीलवरून घासतात आणि काही महिन्यांत तेल गळू लागते. दांड्याच्या टोकाला धरण्यासाठी खाच किंवा कड ठेवलेली असते, तिथेच धरावे. हवेच्या गनने वरचा नट गरगर फिरवणेही टाळावे.

पुढच्या स्ट्रटवर स्प्रिंग दाबलेल्या स्थितीत असते. ती सोडवताना दोन्ही बाजूंनी समान आवळलेला, चांगल्या स्थितीतला स्प्रिंग कॉम्प्रेसर हवा. तारेने किंवा दोरीने बांधून काम करणाऱ्या ठिकाणाहून गाडी परत आणावी, कारण निसटलेली स्प्रिंग माणसाचा जीव घेऊ शकते. घरी स्वतः काम करण्याची हौस असणाऱ्यांनी मागची जोडी खुशाल बदलावी. झेनमध्ये मागची स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असल्याने तिथे स्प्रिंग दाबावी लागत नाही, फक्त आसाला खालून जॅकचा आधार द्यावा. पुढचे काम मात्र साधने असलेल्या जागीच करावे.

रबरी बुशमधून जाणारे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकवून, गाडीचे वजन पडल्यावर शेवटचा आवळ द्यावा, म्हणजे बुश पीळ पडलेल्या स्थितीत राहत नाही. माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप आणि डस्ट कव्हर नवे घालावेत. मजुरी एकदाच द्यायची असते, आणि जुने माउंटिंग सहा महिन्यांनी गेले तर सगळे पुन्हा खोलावे लागते. पुढचे स्ट्रट काढले की चाकांची दिशा बदलते, म्हणून अलाइनमेंट त्याच दिवशी करावी.

कृष्णाकाठ (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे रविवारी मिस्त्रींसोबत बसून तपासणी केली.

उजव्या पुढच्या स्ट्रटवर तेलाचे ओघळ आहेत, तर डावा कोरडा आहे. खडखड मात्र स्ट्रटची नव्हती. उजव्या माउंटिंगचे रबर धातूच्या कड्यापासून सुटले आहे आणि टॉमी लावताच लोअर आर्मचा मागचा बुश हलताना स्पष्ट दिसला. मिस्त्रींनी स्वतःच सांगितले की हे दोन भाग बदलले नसते तर आवाज राहिला असता. उंची मोजली, चारही बाजू समाधानकारक आहेत, त्यामुळे स्प्रिंग बदलत नाही. मागच्या टायरवर हात फिरवल्यावर चढ-उतार लागले. बॅलन्सिंग तपासून घेतले, त्यात दोष नव्हता. मागच्या बंप स्टॉपचा खरोखरच भुगा झालेला आहे.

ठरले ते असे: गॅब्रिएलचे चारही, पुढच्या दोन्ही बाजूंची माउंटिंग आणि बेअरिंग, चारही बंप स्टॉप, दोन्ही लोअर आर्मचे बुश. पेठेतल्यांनी सांगितल्याप्रमाणे चेसिस क्रमांक दिला, तेव्हा दुकानदाराने आधी काढलेला डबा परत ठेवून दुसरा काढला. तो पहिला डबा एस्टिलोचा होता.

घाटवाट

जोडीने बदलण्याचे कारण पटले. माझ्या गाडीचेही पुढचे दोन्ही एकत्रच बदलीन.

कृष्णाकाठ (सातारा)

काम झाले आहे. पुलाच्या सांध्यावर गाडी आता एकदाच हलते आणि स्थिर होते, खंबाटकीच्या वळणावर मागची बाजू पुढच्या बाजूसोबतच सावरते. खडखड पूर्ण थांबली. पहिल्या दिवशी लहान खड्डे पूर्वीपेक्षा जास्त जाणवले; हे अपेक्षित आहे का?

यंत्रमित्र (पुणे)

अपेक्षित आहे. थकलेल्या शॉकअपची सवय झाली की नवा शॉकअप सुरुवातीला घट्ट वाटतो, आणि नवी सीलेही काही अंतर चालल्यावर मोकळी होतात. टायरमधली हवा दरवाजावरच्या पाटीप्रमाणे आहे ना, तेही पाहा. गाडी डोलते म्हणून अनेकजण हवा जास्त ठेवू लागतात आणि शॉकअप बदलल्यावर ती कमी करायला विसरतात. पाचशे किलोमीटरनंतर सर्व नट एकदा पान्याने तपासून घ्या.

रानशेत (अहिल्यानगर)

धागा उशिरा वाचला. माझ्याकडे जुनी टाटा इंडिका आहे आणि मागची जोडी घरी बदलण्याचा विचार आहे. पानापकड यांनी मागची जोडी घरी बदलता येते असे लिहिले आहे, ते इंडिकालाही लागू होते का?

पानापकड (कोल्हापूर)

नाही. इंडिकाची मागची रचना स्वतंत्र, सेमी-ट्रेलिंग आर्मची आहे आणि तिथे कॉइल स्प्रिंग शॉकअपवरच बसवलेली असते. म्हणजे मागची जोडी बदलतानाही स्प्रिंग दाबावी लागते. पूर्ण जोडणी घरी उतरवून कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्ये नेली, तिथे स्प्रिंग नव्या शॉकअपवर चढवून आणली आणि घरी परत बसवली, असे करता येईल. उतरवण्यापूर्वी वरच्या थाळीवर आणि गाडीच्या पत्र्यावर खडूने जुळणारी खूण करा, म्हणजे परत बसवताना बोल्ट जागेवर येतील.